हात वर केलेला माणूस

अण्णा फळ्यावर कुठलीही आकृती काढायचे, तर आधी तिच्या आत एक माणूस उभा करायचे. हौद असो, शंकू असो, पत्र्याचे कोपरे कापून केलेला डबा असो. अंगाची एक रेघ, पायांच्या दोन, डोक्याचं एक टिंब आणि एक हात सरळ वर. मग त्या माणसाभोवती आकृती. गुलबर्ग्याच्या कॉलेजातली पोरं त्याला 'साब का पुतला' म्हणायची. एखादा वात्रट मुद्दाम उठून विचारायचा, "साब, ये तो माचिस की डिबिया है, इस में आदमी कैसा समाएगा?" अण्णा हसत नसत, रागावतही नसत. खडूचे हात काळ्या शेरवानीला पुसायचे आणि म्हणायचे, "पहले आदमी. डिबिया बाद में." पोरांना वाटे, गणित शिकवून शिकवून साहेब जरा सरकलेत. सरकलेबिरकले काही नव्हते. तो माणूस त्या फळ्यावर कुठून आला हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

अण्णा म्हणजे नागोराव, माझे थोरले दीर. घरात सगळे अण्णा म्हणत म्हणून मीही म्हणे, पण मनातल्या मनात. आमच्या भागात धाकट्या भावजयीने थोरल्या दिरापुढे उभंसुद्धा राहायचं नाही, मग बोलायचं कुठलं! ते ओसरीवर आले की मी पदर ओढून आत. त्यांना काही हवं असलं तर ते सासूबाईंना सांगत, आणि सासूबाई घरात नसल्या तर दाराच्या चौकटीला सांगत. "तांब्याभर पाणी मिळालं तर बरं हुईल," असं चौकटीकडे बघून म्हणायचे. मी पाणी उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हायची. इतकी वर्षं एका घरची माणसं आम्ही, पण ते माझ्याशी थेट बोलले ते फार उशिरा, आणि तेही दोनच शब्द.

गाव आमचं आळंदपासून बैलगाडीच्या वाटेवर. शेतात तूर आणि ज्वारी. घरात मराठी, गड्यांशी कानडी आणि कचेरीत उर्दू, असा सगळा कारभार. अण्णा हैदराबादला जाऊन शिकून आले. निजामाच्या राज्यात वरचं सगळं शिक्षण उर्दूत, तेव्हा त्यांचं गणितही उर्दूतलं. कॅल्क्युलसला ते 'अहसा' म्हणत. सगळ्यात मोठी किंमत ती 'आजम' आणि सगळ्यात लहान ती 'अकल'. सुट्टीत घरी आले की जेवताना आपलं आजम आणि अकल चाललेलं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "हा आजम कोन रं? कुनी नवाब हाय का?" अण्णा म्हणाले, "नवाब न्हाई, आई. एवढ्याएवढ्यात जास्तीत जास्त किती बसतं, ते." सासूबाईंनी भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "मग ते मला इचार की. दोन भाकरीत तिघं मीच बसवते."

घरात त्यांच्या विद्येची किंमत ही एवढीच होती. धाकटे शेतीचं बघायचे. धाकटे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण आता या वयात मी कुणाला भिते? शेषराव. उंचेपुरे, हसरे, सगळ्या गावाशी थट्टामस्करी चालायची. अण्णा त्यांच्या खांद्याला लागायचे. थोरल्या भावाचं त्यांना भारी कौतुक. अण्णा येणार म्हटलं की स्टेशनावर गाडी घेऊन स्वतः जायचे.

एका वर्षी नव्या बैठकीसाठी आणलेली शहाबादी फरशी तशीच पडून राहिली. बैठक काही झाली नाही. आमच्याकडे धान्य पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोली. आतून फरशी किंवा शेणमाती, वर तुळया टाकून त्यांवरही फरशी घालून झाकायचं आणि मध्ये एक माणूस उतरेल एवढंच तोंड ठेवायचं. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहते. आमची दोन जुनी पेवं होती, ती ढासळायला लागली होती. यजमान ओसरीवर अण्णांपुढे बसले आणि म्हणाले, "अण्णा, एवढी फरशी हाय. तिच्यात जास्तीत जास्त ज्वारी मावंल असं पेव कसं खणावं, हे तुमच्या त्या अहसात निघतं का?"

मी आतून दाराच्या फटीतून बघत होते. अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. घरच्या माणसाने त्यांच्या गणिताला काही मागितलं, ते पहिल्यांदाच. चटकन पाटी घेतली, फरशीची मापं विचारली, आणि दुपारभर मांडणी करत बसले. संध्याकाळी धाकट्या भावाला शेजारी बसवून समजावलं. दोन पेवं नकोत, एकच मोठं करा, म्हणजे मधल्या भिंतींची फरशी वाचते. आणि त्या एकाची लांबी, रुंदी, खोली तिन्ही सारख्या ठेवा. "यापेक्षा जास्त मावूच शकत न्हाई, शेषा. खोली वाढवलीस तरी कमी, घटवलीस तरी कमी. ह्यो आजम." यजमानांना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण ते गावभर सांगत सुटले, आमच्या अण्णांनी पेवाचं गणित सोडवलं म्हणून.

आता एक रीत सांगते. आमच्याकडे पेव खणून झालं की घरचा कर्ता पुरुष त्यात उभा राहायचा आणि हात वर करायचा. वर तोंडाशी घरची सुवासीण पालथी पडून त्याच्या मनगटाला हळद लावायची. मग नारळ, मग धान्य. खोली मोजायचं मापही तेच. हात वर केलेल्या माणसाच्या उंचीला आमच्यात 'पुरुष' म्हणतात, आणि पेव एक पुरुष खोल. का, ते कुणी विचारत नव्हतं. आजोबांच्या पेवाला हळद लागली म्हणून बापाच्या पेवाला लागली, एवढंच.

अण्णांचं पेव दीड पुरुषाच्याही वर गेलं होतं.

मी हळदीची वाटी घेऊन तोंडाशी पडले. खाली यजमान हात वर करून उभे. माझी बोटं आणि त्यांची बोटं यांत मोठं अंतर. ते खालून हसले, "अगं, उडी मारू का?" वरच्या बायाही हसल्या. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या म्हणाल्या, "नागोबा, हात पोचंना रे." अण्णा म्हणाले, "आई, रीत हाय ती. गणितात तिचं काय काम?" शेवटी काठीच्या टोकाला हळद लावून ती खाली सोडली आणि यजमानांनी स्वतःच्या मनगटाला पुसून घेतली. त्या वर्षी सगळी ज्वारी त्या एका पेवात मावली. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला आले.

पुढच्या वर्षी पेवातली ज्वारी तळाला गेली होती. बंद पेवातली हवा वाईट असते, माणूस गुदमरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून तोंड उघडून आदल्या दिवसापासून तसंच ठेवायचं आणि उतरण्याआधी कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. आम्ही सगळं केलं. दिवस चांगला वर आला होता. घरातला नेहमीचा पेवाचा कंदील, त्याच्या कडीला बांधलेला नेहमीचा दोर. दोर संपेपर्यंत सोडला, कंदील स्वच्छ जळत होता. यजमान दुसरा दोर धरून उतरले. टोपली भरायला वाकले. तिथेच गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, थट्टा करायलेत. मग त्यांनी मान वर केली आणि एक हात वर केला.

मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला होता. माझा हात हवेत आणि त्यांचा खाली. जुनं पेव असतं तर मनगट धरून मी आणि गडी मिळून त्यांना वर ओढलं असतं. त्यांचा हात हळूहळू खाली गेला. कंदील अजून जळत होता. गड्यांनी दोराचा फास टाकून त्यांना वर काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी आले. सासूबाईंच्या पायाशी बसले, रडले, आणि मग उठून परसात गेले. मी मागच्या दारातून बघितलं. त्यांनी त्या कंदिलाचा दोर हातात घेतला आणि आपल्या अंगाशी लावून मोजला. दोर बरोबर एक पुरुष होता. जुन्या पेवांच्या मापाचा. कुणालाच तो बदलायचं सुचलं नव्हतं. कंदील वर चांगल्या हवेत जळत राहिला आणि वाईट हवा त्याच्या खाली साठलेली होती. पण हे सगळं मला पुढे समजलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की माझ्या नवऱ्याची राख अजून गरम आहे आणि हा माणूस माप घेतोय. मला त्यांचा असा संताप आला की तोंडाला कडू आलं. खोटं कशाला बोलू, पुढची कित्येक वर्षं मी त्यांचा द्वेष केला.

गाव म्हणायला लागलं, पुस्तकानं मारलं. शेषराव बिचारा भोळा, शिकलेल्या भावाचं ऐकलं आणि गेला. एक बाई तर सासूबाईंच्या तोंडावर म्हणाली, "त्या थोरल्याला घरात कामून घेता?" सासूबाई म्हणाल्या, "एक पोटचा गेला. दुसऱ्याला कुठं टाकू, बाई?" अण्णांनी पेव बुजवून टाकलं. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती, दुसरं लग्न त्यांनी केलं नव्हतं. शेत वाट्याने दिलं आणि सासूबाईंना आणि मला गुलबर्ग्याला आपल्या बिऱ्हाडी नेलं.

तिथे मी भाकऱ्या करायची आणि गप्प राहायची. पण डोक्यात एकच भुंगा. गावातली मराठी चार बुकं मी शिकले होते. मला ते पुस्तकानं मारलं वगैरे पटत नव्हतं. पुस्तक काय पेव खणायला येतं? या माणसाने काही तरी चुकीचं मांडलं, कुठे तरी बेरीज नाही तर वजाबाकी चुकली, आणि ती चूक मला त्याच्या तोंडावर फेकायची होती. एक दिवस मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यांना म्हणावं, मला ते पेवाचं गणित शिकवा." सासूबाईंनी हातातल्या वाती खाली ठेवल्या. मग ओसरीवर जाऊन त्यांनी निरोप दिला.  मग अण्णांचा आवाज, "आई, तिला म्हण, येळ लागंल. अपूर्णांकापासून सुरू करावं लागंल." मी आतूनच म्हटलं, "लागू दे म्हणावं."

आमची शाळा कशी चालायची ते आता सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. अण्णा ओसरीवर, मी आत दाराच्या आड, आणि मधे उंबऱ्यावर सासूबाई वाती वळत बसलेल्या. पाटी त्यांच्या हातून इकडची तिकडे. अण्णा म्हणायचे, "आई, तिला इचार, क्षचा वर्ग कामून घेतला?" सासूबाई मान वळवून म्हणायच्या, "इचारतोय, वर्ग कामून घेतलास?" आणि मी उत्तर सांगितलं की त्या परत तिकडे. पहिल्या वर्षी त्या वैतागायच्या. पुढे पुढे मी काही चुकले तर निरोप पोचवायच्या आधी स्वतःच कुजबुजायच्या, "पुन्हा बग गं, दोन इसरलीस बहुतेक." आणि बहुतेक वेळा मी दोन विसरलेली असायची.

शिकवायला अण्णा कडक. उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी नाही. प्रश्न वाचून मी लगेच आकडेमोड सुरू केली की पाटी परत यायची. "आई, तिला म्हण, आधी शर्त सांग." म्हणजे प्रश्नात बांधून काय दिलंय, काय हलू शकतं आणि किती, हे आधी बोलून दाखवायचं. आणि वक्ररेषेचा उतार शून्य होतो ती जागा काढून मी आजम सापडला म्हणाले, की दुसरं ठरलेलं. "आई, तिला म्हण, टोकं तपासलीस का?" कारण सगळ्यात मोठी किंमत दर वेळी उतार शून्य होतो तिथेच असते असं नाही. शर्तीने वाट मधेच अडवली असली तर ती वाट अडते त्या टोकाला असते. हे त्यांचं 'शर्त आधी, टोकं शेवटी' ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि पाटीवर प्रत्येक आकृतीत तो हात वर केलेला माणूस. मला तो माणूस बघून डोकं उठायचं. मला वाटे, हा मला डिवचतोय.

एकदा त्यांनी आजमच्या आसपासची वक्ररेषा पाटीवर मोठी करून काढली आणि सासूबाईंना म्हणाले, "तिला नीट बघाय सांग. शेंड्याजवळ रेघ कशी सपाट हाय. तिथनं जरा बाजूला सरकलं तरी फार काही जात न्हाई. सगळ्यात मोठं म्हून जीव टाकू नये."  सासूबाईंनी हे शेवटचं वाक्य माझ्यापर्यंत पोचवलं नाही. गरजही नव्हती.

वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. आणि एका उन्हाळ्यात अण्णांनी सासूबाईंच्या हाती पाटी दिली. तिच्यावर फक्त आमच्या फरशीचं माप होतं. बाकी कोरी.

मी ते गणित मांडलं. लांबी-रुंदी-खोली तिन्ही सारख्या, अण्णांचंच उत्तर आलं. पुन्हा मांडलं, दुसऱ्या रीतीने. तेच. कुठेही बेरीज चुकलेली नव्हती. इतकी वर्षं ज्या चुकीच्या मागे लागले ती चूकच नव्हती.  मग त्यांचं ते कान किटवणारं वाक्य आठवलं. शर्त काय? फरशी एवढी. आणखी? आणि पाटीच्या कोपऱ्यात मी सवयीने माणूस काढला होता, तो नजरेला पडला. त्याचा हात वर. मला माझा स्वतःचा हात दिसला, खांद्यापर्यंत पेवात घातलेला.

मी खोलीला शर्त घातली: एक पुरुष, त्याहून जास्त नाही. मग उतार शून्य होईपर्यंत जायची वाटच उरली नाही; उत्तर टोकाला आलं. एकच पेव, तेवढीच फरशी, पण पसरट. जुन्या दोन पेवांपेक्षा त्यात किती तरी जास्त मावत होतं. आणि अण्णांच्या त्या सगळ्यात मोठ्या पेवापेक्षा कमी किती? शंभर पोत्यांमागे सात-आठ पोती. एवढंच. सात-आठ पोती ज्वारी कमी मावली असती. मी भिंतीला डोकं टेकून रडले. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा मी तशी रडले नव्हते.

पाटी दिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय सांगू त्याला?" मी म्हटलं, "म्हणावं, गणित चुकलं न्हाई. त्यात माणूस न्हवता." सासूबाईंनी सांगितलं. अण्णा म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "मला हे दोर मोजताना कळालं." सासूबाईंचा हात थांबला. निरोप्याचं काम सोडून त्या स्वतःच म्हणाल्या, "मग इतकी वर्षं तिला सांगितलं कामून न्हाईस रे?" अण्णा म्हणाले, "मी सांगितलं असतं तर ते माफी मागितल्यावाणी झालं असतं, आई. कुन्या तोंडानं मागू? तिनं माझी चूक आपल्या हातानं धरावी, एवढंच माझ्याकडनं तिला देन्याजोगं हुतं."

त्या दिवशी माझा द्वेष संपला असं लिहायला बरं वाटेल. पण तसं नाही झालं. तो विझत गेला, हळूहळू, आणि मी त्यांना तसं कधी कळवलं नाही. कळवणार कोण? वर्षभरात सासूबाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात गाणगापूरला दत्ताच्या पायावर घाला म्हणत होत्या, तेवढं आम्ही केलं. त्या गेल्यावर एका घरात राहणं बरं दिसेना म्हणून मी शाळेजवळ खोली केली. अण्णा रविवारी यायचे. दारात उभं राहून चौकटीला विचारायचे, "सगळं बरं हाय न्हवं?" मी आतून भांडं वाजवायची. ते ऐकून परत जायचे.

मग ते रझाकारीचं वर्ष आलं. कॉलेज बंद, माझी शाळा बंद, रस्त्याने फिरायची भीती. आम्ही गावी गेलो. गावात कोण कधी येऊन धान्य उचलून नेईल याचा नेम नव्हता. निम्मी घरं सरहद्द ओलांडून अक्कलकोटकडे निघून गेली होती. राहिलेल्यांची सगळी ज्वारी एका जागी दडवायची, तर पेवच हवं, आणि मोठं हवं. फरशी कुठली आणायची? आमच्या बुजवलेल्या पेवात होती, ती लोकांनी उकरून काढली. पाटलांनी अण्णांना विचारलं, पण विचारताना अडखळले. "अण्णा, राग धरू नगा. पुन्हा तुमचंच गणित घ्यायचं का?"  अण्णा म्हणाले, "माझं न्हाई घ्यायचं. सुभद्राचं घ्या. तिचं बरोबर हाय." सुभद्रा म्हणजे मी. त्यांच्या तोंडून माझं नाव मी प्रथमच ऐकलं.

पेव माझ्या मापाने खणलं. पसरट, एक पुरुष खोल. कुठला पुरुष असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, "माझा. मी गावात सगळ्यात बुटका. मला पोचलं म्हंजे समद्यांना पोचलं." आणि ते स्वतः उतरले. उन्हात पेवाच्या तोंडाभोवती गाव जमलं होतं. अण्णांनी हात वर केला. आता हळद. घरची सुवासीण पाहिजे, आणि आमच्या घरात तर कुणीच नव्हती. एक म्हातारी म्हणाली, पाटलाच्या सुनेला बोलवा. ती बिचारी वाटी घेऊन पुढेही झाली. मी लांब, भिंतीच्या कडेला, पदर कपाळावर ओढून. विधवेने अशा जागी सावलीसुद्धा पाडायची नसते.

तेवढ्यात पेवातून आवाज आला. मधे सासूबाई नाहीत, चौकट नाही.

"सुभद्रा, हात."

लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारी म्हणाली, "अवं अण्णा, तिला कसं चालंल?" अण्णा आतूनच म्हणाले, "धरायला हात लागतो. कुकू लागत न्हाई." मी पुढे झाले. पालथी पडले. ती माती, तो वास, ते तोंड, सगळं तेच. मला वाटलं, माझ्याने होणार नाही. मी हात आत घातला, आणि खांदासुद्धा आत जायच्या आधी माझ्या बोटांना मनगट लागलं. थोरल्या दिराचं मनगट. मी ते घट्ट धरलं. हळद लावायची राहूनच गेली.  कितीतरी वेळ मी सोडलं नाही. आणि त्यांनीही सोडवून घेतलं नाही. वर आल्यावर त्यांनी धोतर झटकलं आणि नेहमीसारखे खाली बघून निघून गेले.

त्या पेवातल्या ज्वारीवर गाव तगलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गुलबर्ग्याचं कॉलेज उघडलं. अण्णा परत शिकवू लागले. पण फार दिवस नाही. त्याच थंडीत विषमज्वराने ते गेले. मी उशाशी होते. शुद्धीवर नव्हते, त्यामुळे बोलणं काही झालं नाही. बोलायची आम्हाला सवय तरी कुठे होती!

दहाव्याला त्यांचा एक विद्यार्थी आला, गुलबर्ग्याच्या मोमिनपुऱ्यातला पोरगा. ओसरीवर बसून रुमालाने डोळे पुसत होता. बोलता बोलता त्या पुतळ्याचा विषय निघाला. म्हणाला, "बाई, अब्बी कालेज खुला सो तब से साब उसके ऊपर एक हात और निकालते थे. ऊपर से नीचे आता सो. ये किसका हात है साब पूछे, तो हँसे. साब को हँसते हम वइच एक बार देखे."

 पाण्याचा तांब्या मी त्याच्यापुढे सरकवला. मग विचारलं, "ते दोन हात एकमेकांना लागायचे, का मधे जागा असायची?"

त्याने रुमाल खाली ठेवला.

"लगते थे, बाई," तो म्हणाला. "बराबर लगते थे."